रिकाम्या ओव्हनमधली ऊर्जा जाते कुठे?

टेंभुर्णीच्या पट्ट्यात, उजनीच्या पाण्यावर ऊस आणि डाळिंब घेणाऱ्या शेतकऱ्याला विहिरीतली मोटर कोरडी चालू देऊ नये हे कोणी शिकवावे लागत नाही. पाणी खाली गेले आणि सबमर्सिबल तशीच फिरत राहिली तर ती जळते, कारण तिला थंड ठेवणारे पाणीच भोवती उरलेले नसते. काम नाही म्हणजे ताण नाही, हा साधा हिशेब तिथे चुकतो. त्याच घरातल्या ओट्यावर आता मायक्रोवेव्ह आला आहे. त्याच्याबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत ‘ओव्हन रिकामा चालवू नये’ अशी ओळ असते, पण का चालवू नये हे बहुधा लिहिलेले नसते. कारण न कळलेली सूचना एक तर विसरली जाते किंवा भीती म्हणून पाळली जाते. म्हणूनच या बाबतीत दोन टोकाची मते ऐकू येतात. रिकामा चालवला की ओव्हन फुटतो, असे काही जण सांगतात. काहीही होत नाही, त्या सूचना कंपन्या स्वतःच्या बचावासाठी छापतात, असे दुसरे सांगतात. दोन्ही मते पुराव्यापुढे टिकत नाहीत. रिकामा चालवल्याने ओव्हनचे नुकसान होऊ शकते. एकदा चुकून अर्धा मिनिट चालला तर बहुधा होत नाही. आणि ज्याची खरी काळजी करावी तो ओव्हन पूर्ण रिकामा नसतो, जवळजवळ रिकामा असतो. पुढचे सारे विवेचन या तीन विधानांसाठी आहे.

ओव्हनमधल्या लहरी मॅग्नेट्रॉन नावाची एक निर्वात नळी तयार करते. तिचा आजचा प्रकार १९४० च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी चालवून दाखवला, तो युद्धातल्या रडारसाठी. त्याच नळीने अन्न शिजवता येईल ही कल्पना अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांची. त्यांनी १९४५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि दोन वर्षांत माणसाएवढ्या उंचीचा पहिला ओव्हन विक्रीला आला. आपल्या ओट्यावरच्या ओव्हनमधली नळी मुठीएवढी असली तरी तत्त्व तेच आहे. मधोमध टंगस्टनची तापलेली तार, भोवती कप्पे पाडलेला तांब्याचा गोल, वर आणि खाली एकेक चकतीसारखे चुंबक, आणि तार व तांबे यांच्यात सुमारे ४,००० व्होल्टचा दाब. तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन चुंबकाच्या प्रभावाने सरळ न जाता गरगरत जातात आणि त्या कप्प्यांमध्ये सेकंदाला सुमारे २४५ कोटी कंपनांची लहर उठवतात. ती धातूच्या एका चौकोनी मार्गातून येते, अभ्रकाचा पातळ पत्रा ओलांडते आणि ओव्हनच्या पोकळीत शिरते. या साऱ्या प्रवासात महत्त्वाची गोष्ट अशी, की भिंतीतल्या प्लगमधून १,२०० वॅट घेणारा ओव्हन अन्नाला सुमारे ८०० वॅटच देतो. उरलेल्या ४०० वॅटची उष्णता होते, आणि तिचा मोठा भाग मॅग्नेट्रॉनमध्येच निर्माण होतो. त्याच्या अंगावरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या आणि मागचा विजेचा पंखा ही उष्णता बाहेर टाकत असतात. म्हणजे अन्न ठेवलेले असतानाही ही नळी आरामात नसते.

आता पोकळीत काहीच नाही असे समजू. ८०० वॅट म्हणजे दर सेकंदाला ८०० ज्यूल. आत पाव लिटर पाणी असते तर एवढ्या ऊर्जेने ते पावणेदोन मिनिटांच्या आत उकळीला आले असते. पाणी नाही, पण ऊर्जा येतच आहे, आणि ऊर्जा नाहीशी होत नाही. हवा या लहरी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे ती तापत नाही. पोलादी भिंती लहरी परतवतात आणि प्रत्येक वेळी अगदी थोडा वाटा स्वतःकडे ठेवतात. लहर एका भिंतीवरून दुसरीवर, तिसरीवर आदळत राहते, मागून नवी लहर येत राहते, आणि आतले विद्युतक्षेत्र वाढत जाते. जितकी ऊर्जा येते तितकी कुठे तरी खर्च होऊ लागेपर्यंत ही वाढ थांबत नाही. खर्चाच्या जागा तीनच आहेत. पहिली भिंती, त्यांच्यावरच्या रंगासह. दुसरी आतल्या वस्तू: काचेची फिरती थाळी, तिच्याखालचे प्लास्टिकचे चाकाचे कडे, अभ्रकाचा पत्रा. आणि तिसरी म्हणजे आलेल्या वाटेने मागे, थेट मॅग्नेट्रॉनकडे. रिकामा ओव्हन दोन मिनिटे चालल्यावर काचेची थाळी हाताला चटका देण्याइतकी तापलेली असू शकते, त्याचे कारण हेच. अन्न असते तेव्हा काच जवळपास थंड राहते किंवा अन्नामुळे तापते. रिकाम्या ओव्हनमध्ये तिलाच अन्नाची जागा घ्यावी लागते. शिवाय काच जितकी तापते तितकी या लहरी अधिक शोषते, त्यामुळे एका जागी सुरू झालेले तापणे तिथेच वाढत जाऊ शकते. अभ्रकाच्या पत्र्यावर तेलाचे शिंतोडे वाळून काळे झाले असतील, किंवा भिंतीचा रंग कुठे खरवडला असेल, तर वाढलेल्या क्षेत्रामुळे तिथे ठिणगी पडते. एकदा पडली की ती जागा कोळशासारखी होते आणि पुढच्या वेळी तिथेच पुन्हा ठिणगी पडते. दुरुस्तीला येणाऱ्या ओव्हनमध्ये भोक पडलेला, तपकिरी डाग असलेला अभ्रकाचा पत्रा हे अगदी नेहमीचे दृश्य आहे. त्यामागे स्वच्छतेचा अभाव असतो तसा रिकाम्या चालण्याचाही हात असू शकतो.

मॅग्नेट्रॉनकडे परतणाऱ्या लहरीचे काय होते, हा यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. परतलेल्या ऊर्जेमुळे तांब्याचा गोल नेहमीपेक्षा जास्त तापतो. त्याला लागून असलेले फेराइटचे चुंबक तापले की त्यांचे बळ कमी होते. तापमान एक अंशाने वाढले तर साधारण एक हजारात दोन भाग, म्हणजे शंभर अंशांच्या वाढीला पाचवा हिस्सा. चुंबक ढिले पडले की इलेक्ट्रॉन नीट गरगरत नाहीत, कमी लहर तयार होते, अधिक उष्णता तयार होते, आणि चुंबक आणखी तापतात. काही इलेक्ट्रॉन उलटे फिरून मधल्या तारेवर आदळतात आणि तिचे आयुष्य घटवतात. पण हे सारे प्रत्येक वेळी सारख्या प्रमाणात घडत नाही. परतणारी लहर किती मोठी आहे एवढ्यावर परिणाम ठरत नसून ती कोणत्या टप्प्यावर असताना नळीत शिरते यावरही ठरतो. अभियंते याच्यासाठी एक वर्तुळाकार आलेख वापरतात, त्यावर एका बाजूला नळी सुखाने चालते आणि दुसऱ्या बाजूला ती अडखळू लागते. ओव्हनचा आकार, नळीपासून पोकळीपर्यंतचे अंतर, थाळी कशी ठेवली आहे, नळी किती तापलेली आहे, या सगळ्यावर तो टप्पा अवलंबून. म्हणून एकाचा ओव्हन दहा मिनिटे रिकामा चालून धडधाकट राहतो आणि दुसऱ्याचा दोन मिनिटांत मान टाकतो, या दोन्ही हकिकती एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याला हमी देता येत नाही, ती एवढ्यासाठी.

हा केवळ कागदावरचा तर्क आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्मलहरी विभागातून १९८४ मध्ये ‘समीर’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. पवईच्या आयआयटीच्या आवारात तिचे काम चालते. कर्करोगावर किरणोपचार करणारे त्वरक यंत्र या संस्थेने देशात बनवले आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातही ते बसवले गेले. अशा त्वरकाला लागणारी लहर मॅग्नेट्रॉनच देतो, फक्त ती घरातल्या ओव्हनपेक्षा हजारो पटींनी बलवान असते आणि क्षणभराच्या झटक्यांत येते. या प्रकारच्या यंत्रांत मॅग्नेट्रॉन आणि पुढची नळी यांच्यामध्ये सर्क्युलेटर नावाचा एक भाग असतो. तो लहरीला पुढे जाऊ देतो, पण परत येणारी लहर मॅग्नेट्रॉनकडे न सोडता बाजूला वळवून एका शोषकात मुरवतो. कारखान्यांत धान्य, लाकूड किंवा रबर वाळवणाऱ्या मोठ्या मायक्रोवेव्ह भट्ट्यांतही बऱ्याचदा हीच व्यवस्था असते, आणि तिथे शोषक म्हणून वाहते पाणी वापरतात. परतणारी लहर निरुपद्रवी असती तर एवढा खर्चिक भाग कोणी बसवला नसता. घरगुती ओव्हनमध्ये तो नसतो, कारण त्याने ओव्हनची किंमत कितीतरी वाढेल. तिथे शोषकाचे काम आपली भाजी, आपला भात, आपला दुधाचा कप करतात. अन्न हे ओव्हनच्या रचनेतलाच एक भाग आहे, असे धरून तो बनवलेला असतो.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत सबळ आक्षेप. अनेकांकडून ओव्हन रिकामा चालला आहे, मुलांनी बटण दाबले आहे, वेळ मोजायला म्हणून कोणी चालू केला आहे, आणि काहीही बिघडलेले नाही. हे खरे आहे आणि त्याला कारणही आहे. सुरुवातीचे ओव्हन या बाबतीत खरोखर नाजूक होते. १९६० च्या दशकात लिटन या अमेरिकी कंपनीने लहर आत सोडण्याची रचना बदलली आणि पोकळी रिकामी असतानाही तग धरणारा ओव्हन आणला; ठेंगणा आणि रुंद असा आजचा ओळखीचा आकारही तिथूनच रूढ झाला. आजच्या ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉनच्या अंगावरच तापमान पाहून वीज तोडणारा छोटा स्विच असतो. नळी फार तापली की तो पुरवठा बंद करतो. काही ओव्हनमध्ये थंड झाल्यावर तो पुन्हा जुळतो, काहींमध्ये तो बदलावा लागतो. पण ही संरक्षणे कशासाठी आहेत ते नीट पाहायला हवे. घरगुती विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०३३५ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात चुकीच्या आणि असाधारण वापराच्या चाचण्यांचे एक स्वतंत्र कलमच आहे. त्या चाचण्यांत बघतात ते हे, की ज्वाळा बाहेर पडू नयेत, शॉक बसू नये, धोकादायक काही घडू नये. चाचणीनंतर उपकरण पूर्वीसारखे चाललेच पाहिजे, अशी अट तिथे नसते. म्हणजे मानक माणसाला वाचवते, ओव्हनला नाही. ‘काही झाले नाही’ याचा अर्थ आग लागली नाही एवढाच घेता येतो; नळीचे आयुष्य किती घटले हे डोळ्यांना दिसत नाही.

या हिशेबात आपल्या भागाची हवाही धरावी लागते. मॅग्नेट्रॉनला थंड करणारा पंखा स्वयंपाकघरातलीच हवा ओढतो. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो. गॅस पेटलेल्या, पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात ओट्याजवळची हवा त्याहून गरम असते. त्यात ओव्हन भिंतीला चिकटवून किंवा कपाटाच्या खणात बसवला असेल, तर तो स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा आत घेतो. महाबळेश्वरच्या स्वयंपाकघरात जी चूक पचून जाईल ती टेंभुर्णीत उन्हाळ्याच्या दुपारी पचेलच असे नाही. ओव्हनच्या मागे आणि वर वीतभर जागा मोकळी ठेवणे, हा त्यावरचा फुकटचा उपाय आहे.

मात्र पूर्ण रिकाम्या ओव्हनपेक्षा जवळजवळ रिकाम्या ओव्हनबद्दल अधिक बोलायला हवे, कारण मराठी घरात तो प्रकार रोज घडतो. एक-दोन पापड भाजणे, मूठभर शेंगदाणे भाजणे, कढीपत्ता कुरकुरीत करणे, सादळलेला चिवडा किंवा कडक भाकरी पुन्हा खुसखुशीत करणे. या सगळ्या पदार्थांत पाणी थोडे असते आणि जे असते ते पहिल्या काही सेकंदांतच उडून जाते. म्हणजे पापड ठेवताना ओव्हन भरलेला असतो आणि पापड फुलेपर्यंत तो रिकामा होत आलेला असतो. शेंगदाण्यांत जवळपास निम्मे तेल असते, पण तेल या लहरी पाण्याइतक्या शोषत नाही. त्यात दाण्याच्या आतली उष्णता सहज बाहेर पडत नाही, म्हणून सोलापुरी शेंगा चटणीसाठी भाजलेले दाणे वरून पांढरे आणि आतून करपलेले निघू शकतात. पदार्थ एकदा करपून कोळसा झाला की कोळसा लहरी जोमाने शोषतो, आणि त्या एका ठिपक्यावर सगळी शक्ती एकवटू लागते. इथे धोका मॅग्नेट्रॉनचा कमी आणि आगीचा जास्त असतो. २००७ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी भांडी घासायचा ओला स्पंज मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटे ठेवला तर त्यातले बहुतेक जंतू मरतात, असे दाखवले. बातमी पसरताच काही लोकांनी कोरडेच स्पंज ठेवले आणि ते पेटले. स्पंज ओला असलाच पाहिजे, अशी ताकीद पुन्हा द्यावी लागली. पाणी होते तोवर प्रयोग, पाणी नव्हते तिथे आग. पापड भाजायचा तर एका वेळी अर्ध्या मिनिटाच्या आसपास, समोर उभे राहून; शेंगदाणे भाजायचे तर मूठभर नव्हे, वाटीदोन वाटी, दर मिनिटाला हलवून. फार थोडे असेल तर कोपऱ्यात अर्धी वाटी पाणी ठेवावे. पदार्थाला थोडा वेळ जास्त लागेल, पण उरलेल्या लहरींना जायला जागा मिळेल. खरे तर दोन पापडांसाठी गॅसची आच पुरेशी आहे.

इथे एक खुलासा अगदी आवश्यक आहे, कारण त्यावाचून वरची सूचना वाचून कोणी केकच करणार नाही. आपल्याकडे विकले जाणारे अनेक ओव्हन तीन प्रकारे चालतात: मायक्रोवेव्ह, ग्रिल आणि कन्व्हेक्शन. केक, नानकटाई किंवा पिझ्झासाठी ओव्हन आधी रिकामाच तापवायचा असतो, आणि पुस्तिकाही तसेच सांगते. त्यात विसंगती काही नाही. कन्व्हेक्शनमध्ये आणि ग्रिलमध्ये मॅग्नेट्रॉन बंद असतो. विजेची तार तापते, कन्व्हेक्शनमध्ये पंखा गरम हवा फिरवतो, आणि उष्णता हवेत व भिंतीत मुरते. तिथे रिकामेपणाने काही बिघडत नाही. चूक होते ती बटण चुकल्याने: केकसाठी ओव्हन तापवायचा म्हणून घाईत मायक्रोवेव्हच्याच बटणावर दहा मिनिटे लावली जातात. हवा थंडच राहते, ओव्हन तापल्याचा भास काचेच्या थाळीमुळे होतो, आणि मॅग्नेट्रॉन मात्र दहा मिनिटे स्वतःच्याच लहरी झेलतो. मायक्रोवेव्ह आणि कन्व्हेक्शन एकत्र चालवणारा ‘कॉम्बी’ प्रकारही रिकामा लावू नये, कारण त्यात मॅग्नेट्रॉन चालू असतो. आधी तापवताना पडद्यावर अंशांत तापमान दिसते की वॅट किंवा टक्के, हे पाहिले तरी कोणता प्रकार लागला आहे ते कळते.

रिकामा ओव्हन चालला तर किरणे बाहेर येतात, ही भीती मात्र निराधार आहे. दाराच्या कडेला लहरीच्या लांबीशी जुळवलेला एक खाचेचा पट्टा असतो, तो लहर आतच रोखतो. दार उघडताच पुरवठा तुटतो आणि आत काही ‘साठून’ राहत नाही. अमेरिकेत १९७१ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे ओव्हनच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर, चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट ही आयुष्यभराची कमाल मर्यादा आहे. दार वाकडे झाले असेल, त्याचा कडेचा पट्टा घाणीने भरला असेल, तर मात्र ओव्हन भरलेला असो की रिकामा, तो वापरू नये. आत कायम पाण्याचा पेला भरून ठेवावा, असाही सल्ला दिला जातो. चुकून बटण दाबणाऱ्या मुलांपासून तो नक्की वाचवतो, पण कायमच्या ओलीने पोकळीला गंज चढू शकतो. मुलांचे कुलूप लावणे किंवा प्लग काढून ठेवणे हा त्यापेक्षा बरा मार्ग आहे. वास घालवायला ओव्हन रिकामा फिरवण्याचाही काही उपयोग नाही. लिंबाच्या फोडी घातलेले वाटीभर पाणी तीन मिनिटे उकळावे. वाफेने चिकटलेले निघते आणि लहरींना शोषकही मिळतो. ते पाणी काढताना मात्र घाई नको, कारण गुळगुळीत भांड्यातले पाणी उकळी न दाखवताच शंभर अंशांच्या वर जाऊन हलवल्यावर एकदम उसळू शकते. आत लाकडी चमचा ठेवला तर ते टळते.

आपला ओव्हन रिकामा चालून गेला असेल तर आधी तो बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावा. लगेच काचेच्या थाळीवर थंड भांडे ठेवले तर ती तडकू शकते. नंतर एक साधी परीक्षा करावी. काचेच्या किंवा मायक्रोवेव्हला चालणाऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात माठातले १ लिटर पाणी घ्यावे, तापमापीने तापमान नोंदवावे, पूर्ण शक्तीवर १ मिनिट चालवावे, ढवळून पुन्हा तापमान बघावे. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणले की ओव्हन पाण्याला प्रत्यक्ष किती वॅट देतो ते कळते: १० अंश वाढले तर ७०० वॅट. ओव्हनवर ८०० लिहिलेले असताना वाढ ६ अंशांवर अडकली, तर संध्याकाळी विजेचा दाब कमी असताना ही परीक्षा केली नाही ना, हे तपासून दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा करावी. उत्तर तेच आले, किंवा घरघर नेहमीपेक्षा मोठी झाली असेल, अभ्रकावर डाग आणि ठिणग्या दिसत असतील, तर ओव्हन जाणकार कारागिराकडे न्यावा. घरी पाठीमागचे झाकण कोणीही उघडू नये, मोटर दुरुस्त करता येणाऱ्यानेही नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार शिल्लक राहू शकतो.